आकसपट्टी

तीन रुपये पंचाहत्तर पैसे.
खोक्याच्या कडेवर अजून पेन्सिलीनं लिहिलेलं.
रशियन पुस्तकांची गाडी खासबागेपाशी उभी होती आठवडाभर,
मी सातवीत. आत्यानं कनवटीचे सुट्टे मोजून दिले,
म्हणाली, जोडतोस तर जोड, न्हाईतर माळ्यावर टाक.

चव्वेचाळीस वर्षं माळ्यावर.

आता उद्यमनगरात माझ्या हाताला काम नाही.
पॅटर्न मशीन कापतं. सागवान कुणी विचारत नाही.
पटाशा तेल लावून गुंडाळून ठेवल्या
आणि खोकं खाली काढलं.

सुखोई-सात. बहात्तरपट लहान.
हिरवट राखाडी प्लॅस्टिक, जुन्या साबणाच्या डबीसारखं,
गोंदाच्या नळीचा दगड झालेला,
सूचनांचा कागद घडीवर फाटलेला, त्यातलं एक अक्षर कळत नाही.
चित्रं कळतात. चित्रावर तर जन्म गेला.

अंगभर रिबिटं, घामोळ्यासारखी उठलेली.
सगळी घासून काढली, चौदा दिवस.
मग गुजरीतल्या शिरीष ओसवालकडून नक्षीची सळई आणली
आणि पत्र्याचे सांधे कोरले, केसाएवढे.
तो म्हणाला, लग्नाचं काम काय हो?
म्हटलं, तसंच समजा.

मिरजेहून सतारीची तार आली, नाकावरच्या सोंडेसाठी.
पायलटच्या खुर्चीला पट्टे औषधाच्या पाकिटाच्या चांदीचे.
लाल तारे पिवळे पडलेले,
ते पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवले.
वैजयंता रोज पडदा सारताना म्हणायची,
तुमचे तारे निवळायला लागलेत.

आणि मग माप घेतलं.

धड दीड मिलिमीटर कमी.
परत घेतलं. परत दीडच.
चोवीस सेंटीमीटरला दीड.
मी खुर्चीत मागं टेकलो. हिशोब करायचीही गरज नव्हती.
प्लॅस्टिक गार होताना नेमकं तेवढंच आकसतं.

आमच्याकडं दोन पट्ट्या असायच्या.
एक बाजारची. एक आमची,
जिच्यावरचा सेंटीमीटर सेंटीमीटरपेक्षा जरासा मोठा,
कारण ओतलेली वस्तू थंड होताना अंग चोरते,
तिच्या चोरीची भरपाई आधीच करून ठेवायची.
पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

एक्क्याण्णव साली मी बाजारची पट्टी उचलली होती.
पंपाची चाळीस खोकी भंगारात.
अण्णाप्पा सुतार सबंध दुपार काही बोलले नाहीत.
संध्याकाळी आले, माझ्या हातातली पट्टी काढून घेतली,
दुसरी ठेवली,
आणि चहाला चला म्हणाले.

तर तोही असाच कुठंतरी.
बाहेर बर्फ, किंवा नसेल बर्फ, मला काय माहीत.
मुलाला ताप असेल, रात्रपाळी असेल,
घाईत टेबलावरची चुकीची पट्टी उचलली असेल.
आणि त्या साच्यातून हजारो विमानं निघाली,
एवढ्याशा चुकीची, देशोदेशी,
त्यातलं एक आत्याच्या पैशानं कोल्हापुरात.

त्याला कुणी पट्टी बदलून दिली का?

दुसऱ्या दिवशी करवतीनं धड कापलं, पंखाच्या पुढं.
फळीवरून नातीची शाळेची पट्टी घेतली, पारदर्शक, बाजारची,
तिची चकती कापली, दीड मिलिमीटर,
मधे बसवली, चिकटवली, घासली,
बोट फिरवलं तर सांधा लागेना.

बळवंत कुंभाराकडं माघात काम कमी असतं.
मुकुटांसाठी घोटलेली चांदी बंदुकीत थोडी उरली होती,
त्यानं एकदा वरून मारली, एकदा खालून.
म्हणाला, विसर्जन कधी?

कपाटावर ठेवलंय. नात विचारते, माझी पट्टी कुठाय?
नवी आणून देतो म्हटलं.
सांगितलं नाही की चांदीखाली, नाकापासून चार बोटं मागं,
सात आणि आठच्या मधली
एक काळी रेघ अजून तिथं आहे.